लिंबूटिंबूनं वसवलेला मुलूख

आमच्या घरात मी कायमची लिंबूटिंबू. लपंडाव असो, पत्ते असोत की अंगणातलं क्रिकेट, "हिला घ्या, पण हिच्यावर राज्य न्हाई," असा ठराव खेळाआधीच मंजूर व्हायचा. लहानपणी ते खपून गेलं. पण दहावी झाली, मार्क दादापेक्षा जास्त पडले, तरी बढती नाही म्हणजे काय? माझ्या मस्तकात तिडीक जायची.

त्या उन्हाळ्यात, दोन हजार सालाच्या आगेमागे, आतेभाऊ पुण्याहून आमच्याकडे बदनापूरला आला. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर राहून तो 'नाही' असं स्वच्छ म्हणायला शिकला होता, आणि येताना नाना तोंडांचे फासे घेऊन आला होता. असला खेळ आम्ही कधी पाहिला नव्हता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि अडलं की फासा टाकायचा. गोष्ट सांगणार आतेभाऊ. खेळणार दादा आणि त्याचा भोकरदनचा मित्र. हा मित्र कॉलेजसाठी आमच्या शेजारी खोली करून राहायचा.

"आन् मी?" मी विचारलं.

"तू लिंबूटिंबू," दादा म्हणाला. "फासे सांडले की उचलून देत जा."

या खेळात मी बसणार आणि पुरती बसणार, हे मी तिथंच ठरवलं.

आतेभावाची एक अट होती. खेळाच्या आधी सगळ्यांनी मिळून मुलूख बनवायचा. पाळीपाळीनं एकेक गोष्ट मांडायची. दुसऱ्यानं तिच्यावर प्रश्न विचारायचा. उत्तर आलं तर गोष्ट राहिली, नाहीतर खोडरबर. "आयता मुलूख मी देणार नाही. जो वसवेल तो खेळेल," असं तो म्हणाला. हे शेवटचं वाक्य मी नीट कानात साठवून ठेवलं.

जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून खळीनं जोडली आणि कूलरसमोर अंथरली. दादानं पहिल्याच झटक्याला बर्फाचा डोंगर काढला. आम्ही बर्फ पाहिलेला तो रसवंतीवरचा, पोत्यात गुंडाळलेला. डोंगरावर किल्ला, किल्ल्यात राजा. मित्र शेतकऱ्याचा पोरगा, त्यानं नदीचा उतार मात्र बराबर काढला आणि काठाला दुसरा राजा बसवला. मग दादानं ईर्षेनं तिसरा राजा आणला, वर आग ओकणारा अजगर. अजगर खातो काय, या प्रश्नावर अर्धी दुपार गेली.

सगळं झाल्यावर आतेभावानं शांतपणे विचारलं, "यातली माणसं घराबाहेर का पडतील? प्रत्येकाला किल्ला आहे, पाणी आहे, धान्य आहे. सगळी घरीच बसली तर मी गोष्ट कशाची सांगू?"

दादा म्हणाला, "लढाईला जातील."

"कशासाठी?"

"राजाचं डोकं फिरलं म्हणून."

खोडरबर फिरला. आतेभाऊ कागदाची घडी घालायला लागला. मी पन्ह्याचे पेले घेऊन दारात उभी होते. आत्ता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

"बाजाराला जातील," मी म्हणाले.

माझे मामा कुंभार पिंपळगावचे. सुट्टीत ते मला मिरचीच्या पोत्यांवर बसवून गावोगावच्या आठवडी बाजारांना न्यायचे. बाजारात नुसती भाजी मिळत नाही. तिथं सोयरिकी जुळतात, भांडणं उकरली जातात, चुकलेला बैल सापडतो, आणि कोण कुणावर उठलंय तेही तिथंच कळतं. हे सगळं मी पेले खाली न ठेवताच सांगून टाकलं.

दादानं लगेच मित्राच्या हातून पेन्सिल हिसकावली. "मंग तिन्ही राजधान्यांत बाजार. रविवारी. कुणाला कमी न्हाई, कुणाला जास्त न्हाई."

आमचे बाबा नोकरदार आणि दादा मामांबरोबर कधी हिंडला नाही, म्हणून रविवारच्या पलीकडे त्याला वारच दिसत नव्हता. मला इतकं हसू आलं की पन्हं सांडलं.

"आन् मिरचीवाल्यानं रविवारी काय करावं? सोताच्या तीन फोडी?"

"बराबर बोलून राह्यली ती," मित्र मांडी थोपटत म्हणाला. "आमच्याकडं शेजारच्या गावचा वार कोणी घेत न्हाई. घेतला तर दोन्ही बाजार बुडतात."

दादा हट्टाला पेटला. "राजाराजांची दुश्मनी असली अन् त्यांनी वाटा बंद केल्या तर?"

"मंग राजाच्याच घरी मीठ येत न्हाई. खाऊ दे अळणी," मी म्हणाले.

आतेभाऊ घडी उलगडत होता. "आणि एका राजानं दुसऱ्याचा वार पळवला तर?" तो स्वतःशीच पुटपुटला आणि एकदम ओरडला, "सापडली! गोष्ट सापडली!" पेन्सिल त्यानं दादाच्या हातातून काढून माझ्या हातात दिली. त्या पेन्सिलीचा झाला तेवढा आनंद मला बारावीच्या निकालालाही झाला नाही, खरं सांगते.

मी प्रत्येक गावाला वेगळा वार दिला आणि सोमवारच्या गावाहून मंगळवारच्या गावाला, अशा वारामागून वार वाटा काढल्या. अजगरालासुद्धा एका बाजाराची वाट दिली, कारण त्यालाही खायला लागतं.

दुसऱ्या दिवशी खेळाला बसलो. "पहिला फासा हिचा," आतेभाऊ म्हणाला. मी इतक्या जोरात टाकला की तो घरंगळत पलंगाखाली गेला. सवयीनं मी उठायला लागले.

"बस तू," दादा म्हणाला, आणि पोटावर सरपटत स्वतः आत शिरला.

"किती पडले?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

"सगळ्यात मोठा आकडा!" पलंगाखालून आवाज आला. मग केसांना जाळं लागलेलं डोकं बाहेर आलं. "आता सांग बाई, आज कोणत्या गावचा बाजार? आपण जायचं कुठं?"