दुर्मीळ गोष्ट जपतात ना?

ताईंनी माझ्या आईची नक्कल केली. माइकवर. दादरच्या एका हॉलमध्ये, भरल्या सभेत, आई पहिल्या रांगेत बसलेली असताना.

“न्यायाधीशांनी निकाल वाचला,” ताई सांगत होत्या. “दुर्मिळातलं दुर्मीळ प्रकरण, म्हणून फाशी. आणि ह्या माउली मुलीला विचारतात, ‘दुर्मीळ म्हंजे चांगलंच ना गं बाऽऽय?’”

‘बाय’ त्यांनी असा काही लांबवला की हॉल हसला. मागे कोणीतरी ‘अरेरे’ म्हणालं, पण हसून झाल्यावर. आईसुद्धा हसली. पदर तोंडाला लावून. तिला वाटलं, आपल्याबद्दल काहीतरी चांगलं बोलतायत.

मी तिच्या शेजारी बसले होते. माझे डोळे वाहत होते. लालबागला मिरची कांडपाच्या गिरणीत कामाला आहे मी. हात नीट धुतले नव्हते आणि तेच डोळ्याला लावले. फोटोवाल्याने पटकन फोटो काढला. पुढे ताईंच्या संस्थेच्या प्रत्येक पत्रकावर तोच फोटो. फाशीच्या कैद्याची रडणारी बहीण. रडत नव्हते मी. मिरची होती ती. पण सांगणार कोणाला? माझ्या भावाचा जीव ताईंच्या हातात होता.

आईची चूक हसण्यासारखी नव्हती. आई परळला हॉस्पिटलात आया होती. तिचं रक्त दुर्मीळ गटाचं. कोणाच्या ऑपरेशनला लागलं की डॉक्टर स्वतः वॉर्डात येऊन म्हणायचे, “मावशी, तुमचं रक्त दुर्मीळ आहे, जपा स्वतःला.” एरवी ‘ए बाई’ म्हणून हाक मारणारी माणसं त्या दिवशी तिला खुर्ची द्यायची, मोसंबीचा रस द्यायची. तो शब्द तिला तिथे भेटला. तिच्याबद्दल कोणी वापरलेला तेवढा एकच मोठा शब्द. मग कोर्टात तिच्या पोराला तोच शब्द लागला. व्हरांड्यात तिने माझा हात धरला आणि विचारलं, “दुर्मीळ गोष्ट जपतात ना गं बाय?”

मी सांगितलं, फाशी झालीय. ती तिथेच खाली बसली.

हे मी ताईंना एकदा आमच्या खोलीत विश्वासाने सांगितलं होतं. सांगताना रडले होते. तेव्हा हाताला मिरची नव्हती.

लपवत नाही. माझ्या भावाने खून केले. गिरगावात एका म्हाताऱ्या नवराबायकोची गाडी चालवायचा. त्यांच्याच घरात चोरी करायला शिरला, ते जागे झाले, दोघांना मारलं. त्यांचा मुलगा कोर्टात आमच्या समोरच्या बाकावर बसायचा. त्याच्या नजरेला नजर द्यायची माझी कधी छाती झाली नाही. भाऊ निर्दोष आहे, असं मी आजवर कोणालाही म्हटलेलं नाही. मला तो जिवंत हवा होता, एवढंच. तुरुंगात म्हातारा होऊ दे, दात पडू देत, पण जिवंत.

हायकोर्टाने फाशी कायम केली आणि त्यानंतर ताई वरळीला बीडीडी चाळीतल्या आमच्या खोलीत आल्या. शिवाजी पार्कला राहणाऱ्या. घरात दोन पिढ्या वकिली, स्वतः कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. फाशीची शिक्षाच रद्द व्हावी म्हणून त्यांची संस्था काम करते. जमिनीवर मांडी घालून बसल्या, आईच्या हातचा चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, “सरकारने माणूस मारू नये. कोणताच माणूस. त्याने काहीही केलेलं असो.”

कोणताच. असं बोलताना मी कोणाला ऐकलं नव्हतं. तोवर शेजारी आम्हाला बघून दारं ओढून घ्यायचे. मला आधी फक्त माझा भाऊ हवा होता. ताईंच्या सभांना जाता जाता दुसऱ्यांच्या भावांसाठीही पोटात तुटायला लागलं. हे मला ताईंनीच शिकवलं. ते मी नाकारत नाही, आणि राग त्याचाच जास्त आहे.

अपील सुप्रीम कोर्टात गेलं. दिल्लीचे वकील ताईंनीच मिळवून दिले. फाशी देण्याआधी माणूस कुठून आला, कसा वाढला, तेही बघायला हवं, असं मोठ्या कोर्टाने म्हटलंय, हे ताईंनी समजावलं. चांगलीच गोष्ट. मग त्यांनी विचारलं, “वडील मारायचे का गं?”

“नाही.”

“दारू?”

“नाही ताई.”

“आठवून बघ जरा. तुमच्याकडे काहीतरी असणारच.”

कापड गिरणी बंद पडल्यावर माझा बाप दादरच्या फूलबाजारात पाट्या वाहून मेला. आमच्यावर त्याने कधी हात उचलला नाही. ताईंना दारुडा बाप हवा होता. आमच्यात नव्हता, त्याला आम्ही काय करणार? तरी पुढच्या सभेत त्या ‘व्यसनांनी पोखरलेल्या घरातला मुलगा’ म्हणून गेल्या. आईने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. अडला हरी, दुसरं काय.

मागच्या वर्षी ताईंच्या भाचीचा खून झाला. कॉलेजात शिकत होती. त्यांच्याच इमारतीच्या वॉचमनने केला. ती मुलगी मला माहीत होती. सभेला आली की मला आणि आईला आधी चहा आणून द्यायची, मग बाकीच्यांना. बातमी कळली तशी मी गिरणीतून उठून ताईंकडे धावले. त्यांच्या गळ्यात पडून रडले. माझी स्वतःची कोणी गेल्यासारखी रडले.

आठवडा झाला नाही तोच त्यांनी मला घरी बोलावून घेतलं. हॉलमध्ये संस्थेची माणसं होती, नातेवाईक होते. मेणबत्ती मोर्चाचं ठरत होतं. मला बसायला सांगितलं आणि ताई म्हणाल्या, “तू मोर्चात पुढे राहा. शेवटी माइक देऊ. म्हण, मी फाशीच्या कैद्याची बहीण आहे, पण ह्या माणसाला फाशी झालीच पाहिजे. तू म्हटलंस तर त्याला वजन येईल.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

“ताई, तुम्हीच म्हणाला होतात. कोणताच माणूस.”

“हे प्रकरण वेगळं आहे.”

“वेगळं म्हणजे?”

“वेगळं म्हणजे दुर्मिळातलं दुर्मीळ!”

ह्या वेळी कोणी हसलं नाही.

“मग माझ्या भावाचं काय होतं?” मी विचारलं.

ताईंचा आवाज चढला. “तुमच्याकडे माणसं कशी घडतात ते आम्ही समजून घेतलं ना? तुझ्या भावाला समजून घेतलं. पण ही आमची मुलगी होती गं!”

आमची. म्हणजे गिरगावातले ते दोन म्हातारे कोणाचेच नव्हते. आणि आमच्यात खून होणं म्हणजे भिंतीला ओल येण्यासारखं, ते समजून घ्यायचं. इतकी वर्षं मी ज्याला माया समजत होते ती ही होती. आमच्याकडून त्यांना वेगळी काही अपेक्षाच नव्हती, म्हणून माफी होती.

त्यांच्या दुःखाला मी नावं ठेवत नाही. त्या नुसत्या किंचाळल्या असत्या, फाशी द्या, फाशी द्या म्हणून छाती बडवली असती, तर मी त्यांना कुशीत घेतलं असतं. दुःखात माणूस काहीही बोलतो. पण त्यांनी ठरवून, चार माणसं बोलावून, ते शब्द माझ्या तोंडात कोंबायला घेतले होते.

“मी नाही म्हणणार,” मी म्हटलं.

ताई अगदी हळू म्हणाल्या, “दिल्लीच्या वकिलांशी मीच बोलते. लक्षात आहे ना?”

हॉलमध्ये संस्थेची एवढी माणसं, सगळी फाशीच्या विरोधातली. एकाने मोबाइल काढून उगाच बघितला.

मला भाऊ दिसला. भेटीला गेलं की जाळीपलीकडे उभा राहतो तसा. जीव त्याचा होता आणि डाव मी लावत होते. तरी उठले.

“लक्षात आहे ताई. आणि आणखी एक. माझी आई ‘बाय’ म्हणते ना, ते असं लांबवून नाही म्हणत.”

चपला घातल्या आणि जिना उतरले.

घरी आईला कसं सांगायचं, हा प्रश्न होता. ती म्हणेल, पोराच्या गळ्यात दोर तूच अडकवलास, ही भीती होती. सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. दर पौर्णिमेला विहारात जाऊन पंचशील म्हणणारी बाई. ऐकता ऐकता तिने तव्यावरची भाकरी उलटली.

मग म्हणाली, “पयलं शील काय हाय? जीव घ्यायचा नाय. त्याच्यापुढं ‘पण’ हाय का कुठं?”

“नाही.”

“मग झालं. जेव.”

ती स्वतः त्या दिवशी जेवली नाही.

दिल्लीच्या वकिलांनी महिन्याभरात केस सोडली. कामाचा ताण म्हणाले. ताईंनी त्यांना काही सांगितलं की नाही, मला माहीत नाही. माझा फोन त्या उचलत नाहीत. आता सरकारने दिलेले वकील आहेत. आवाज ऐकलाय, चेहरा अजून बघितला नाही. अपिलाची तारीख पुढे पुढे जाते. आई हल्ली ‘दुर्मीळ’ हा शब्द तोंडातून काढत नाही.

वॉचमनच्या केसची पहिली तारीख होती त्या दिवशी मी सुट्टी टाकून कोर्टावर गेले. फाटकाबाहेर गर्दी. पाट्या. ‘फाशी द्या, फाशी द्या.’ पुढे ताई, हातात भाचीचा फोटो. मी त्या फोटोसमोर हात जोडले. मनापासून जोडले. मग पायऱ्यांकडे गेले. तिथे वॉचमनची बायको एकटी बसली होती, पदर हनुवटीपर्यंत ओढून. तिच्या आजूबाजूला एवढी जागा मोकळी होती की दहा माणसं बसली असती. आमच्याही शेजारी अशीच जागा मोकळी असायची. मी जाऊन तिच्याजवळ बसले. तिने पदरातून बघितलं आणि थोडी सरकली. तिला वाटलं, मी मारायला आलेय.

संस्थेतला एक जण तरातरा आला. “लाज नाही वाटत? तुझी कोण लागते ही?”

“कोणी नाही लागत,” मी म्हटलं. “म्हणूनच आलेय.”

पुढच्या तारखेलाही मी तिथे बसणार आहे. भाऊ वाचला तरी, नाही वाचला तरी. हात साबणाने घासून, स्वच्छ धुऊन येणार आहे. रडणारी बहीण आता कोणाला फोटोला मिळायची नाही.