सुजाताच्या लॅपटॉपमधला शॉर्ट

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, अंगात येणं... असल्या गोष्टींना मी आयुष्यात कधी थारा दिलेला नाही. आमच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हाच घरातले उतारे-अंगारे बंद झाले. आम्ही आत्माच मानत नाही, तर तो भटकणार कुठून? या ग्रुपवरचे लोकांचे अनुभव वाचून मी हसायचो. आज स्वतःच लिहायला बसलोय. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. शाळा माझी चौथीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नये.

कसबा पेठेत माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. दोन माणसं आत बसली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं, एवढंसं. रेडिओपासून सुरुवात केली, मग टेप, मग टीव्ही. लॅपटॉप दुकानात आणले ते माझ्या मुलीनं, सुजातानं. तिनं डिप्लोमा केला होता. मला इंग्रजी वाचता येत नाही, त्यामुळे बोर्डाचे डायग्राम कळत नाहीत. मी बोटानं काम करतो, आणि चांगलं करतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लॅपटॉपचा बोर्ड मेला की बहुतेक वेळा कुठेतरी शॉर्ट असतो. तांदळाच्या कणीएवढा एखादा कपॅसिटर आतून जातो आणि सगळा करंट गिळून बसतो. अशा शेकडो कण्या बोर्डावर. मग शॉर्ट ज्या लाइनवर, म्हणजे करंटच्या ज्या वाटेवर असेल, तिला आम्ही बाहेरच्या पॉवर सप्लायनं व्होल्टेज देतो, म्हणजे खराब कणी तापते. हल्लीची पोरं कॅमेऱ्यानं बघतात, मी बोट फिरवतो. फक्त एक आहे — प्रत्येक लाइनची ताकद वेगळी. मेन लाइन एकोणीस व्होल्टची, तिला बारा दिले तरी बिघडत नाही. प्रोसेसरची लाइन एक व्होल्टचीसुद्धा नसते. तिला बारा दिले की प्रोसेसर खलास. प्रत्येक लाइनवर एक कॉइल असते, तारेचं वेटोळं, तिथे आम्ही वायर टेकवतो; आणि वरून बघाल तर दोन्हीकडच्या कॉइली सारख्याच.

पाच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासमोर मी असाच बारा व्होल्ट द्यायला निघालो होतो. सुजाता म्हणाली, "बाबा, थांबा. ती मेन लाइन वाटत नाही. एकदा डायग्राम बघू द्या."

गिऱ्हाईक हसलं. "काय काका, आता पोरगी शिकवायला लागली वाटतं तुम्हाला!"

झालं... मी वायर टेकवली. चट् करून आवाज झाला, जळका वास सुटला. गिऱ्हाईक म्हणालं, "हे काय केलंत?" आणि मी म्हणालो, "मी नाही. हिनं मघाशी हात घातला होता त्यात."

सुजातानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग त्याला म्हणाली, "सॉरी दादा, माझ्याकडून चूक झाली." तिनं जेवणाचा डबा उचलला आणि गेली. पुन्हा दुकानात आली नाही. मीही बोलावलं नाही.

ती नवऱ्याबरोबर कर्वेनगरला राहायची, घरी बसून कुठल्याशा कंपनीचं काम करायची. सणावाराला भेटायचो. "जेवलात का?" "जेवलो." संपलं बोलणं. माफी मागितली असती तर जीभ झडली नसती माझी. पण पुढच्या खेपेला बोलू, पुढच्या खेपेला बोलू... करता करता मागच्या वर्षी काविळीचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत पोरगी गेली. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ती शुद्धीवर नव्हती.

तीन महिन्यांनी जावई, संदेश, तिचा लॅपटॉप घेऊन दुकानात आले. बरोबर नात, तन्वी. नऊ वर्षांची.

"मामा, चार ठिकाणी दाखवला. सगळे म्हणतात बोर्ड फेका, नवीन टाका."

"मग टाका की."

"तन्वीचे सगळे व्हिडिओ त्यात आहेत. सुजाताचा आवाज आता तेवढाच राहिलाय. आणि स्टोरेज बोर्डालाच जडवलेलं आहे. बोर्ड चालू झाला तरच मिळेल, नाहीतर..."

तन्वी म्हणाली, "आजोबा, तुम्हीच करा ना. आई सांगायची, तुमच्या बोटाला कळतं म्हणून."

मी म्हणालो, "ठेवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता शटर अर्धं ओढलं आणि बसलो. मीटरनं शॉर्ट सापडला, चार्जिंगच्या बाजूच्या मोठ्या कॉइलवर. म्हणजे मेन लाइन. मला तिळमात्र शंका नव्हती. सप्लाय बारावर लावला, काळी वायर बोर्डाला जोडली, लाल हातात घेतली. टेकवण्याआधी सवयीनं सप्लायच्या आकड्याकडे पाहिलं. शून्य पॉइंट नऊ.

म्हटलं, नॉब लूज झाला असेल. परत बारावर नेला. वायर उचलली, पाहिलं... शून्य पॉइंट नऊ. मी सप्लायला एक शिवी हासडली. तिसऱ्या वेळी डाव्या हातानं नॉब घट्ट धरूनच ठेवला. नॉब हलला नाही. माझ्या बोटांखाली होता, मला कळलं असतं. आणि आकडा माझ्या डोळ्यांसमोर उतरला. बारा... सात... तीन... शून्य पॉइंट नऊ. तिथे थांबला.

जाणकार लगेच म्हणतील, शॉर्टला लावलं की व्होल्टेज पडतोच. अहो, पन्नास वर्षं घालवली यात, एवढं मलाही समजतं. लाल वायर हवेत होती. कशालाही लागलेली नव्हती.

गार वारा आला नाही, कसला वास आला नाही. बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत होता. शेवटी वैतागून म्हटलं, असू दे तेवढाच, आणि वायर टेकवली. बोर्डावर बोट फिरवलं. चार्जिंगच्या बाजूला सगळं थंड. पलीकडे, प्रोसेसरच्या अगदी कडेला, एक कणी चटका देत होती. ती काढली. शॉर्ट गेला. चार्जर लावला आणि पंखा फिरला.

नंतर डायग्राम वाचणाऱ्या एका कारागिराला बोर्ड दाखवला. तो म्हणाला, "काका, ही कॉइल प्रोसेसरची आहे. शून्य पॉइंट नऊची लाइन. बारा दिले असतेत तर काही उरलं नसतं." सप्लाय खोलला, तपासला. दोष नाही. आता बारावर लावला की दिवसभर बारावरच राहतो.

संदेश आणि तन्वी लॅपटॉप न्यायला आले. तन्वीनं पहिलाच व्हिडिओ लावला. सुजाता कॅमेऱ्यामागून ओरडत होती, "तनू, आधी चप्पल घाल! पाय बघ कसे झालेत!" संदेश उठून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मला राहवलं नाही. ते आत आल्यावर विचारलं, "तन्वी, तुझ्या आईनं दुकान का सोडलं, ठाऊक आहे?"

"हो. तिच्या हातून एकाचा लॅपटॉप जळला ना."

"तिच्या हातून नाही. माझ्या हातून."

"नाही आजोबा, तिनंच सांगितलंय मला."

मी संदेशकडे पाहिलं. ते म्हणाले, "मामा, कशाला आता तिला पाठीशी घालता? चूक कोणाचीही होते. ती स्वतःच सांगायची, माझ्या एका चुकीनं बाबांना खाली बघावं लागलं."

मी परत सांगितलं. गिऱ्हाईक काय बोललं, मी काय बोललो, सगळं. संदेशनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तन्वी म्हणाली, "आई खोटं बोलायची नाही, आजोबा."

सप्लायचा आकडा कसा उतरला ते मला आजही सांगता येत नाही. कोणाला कळत असेल तर सांगा, मी ऐकून घेईन. ती होती असं म्हणावं तर आयुष्यभर मानलं ते सोडावं लागतं, आणि नव्हती असं म्हणायला आता जीभ रेटत नाही. व्होल्टेजची गोष्ट तुम्हाला खोटी वाटली तरी माझी तक्रार नाही. पण तो बोर्ड मी जाळला होता, सुजातानं नाही. तेवढं तरी तुम्ही खरं माना.