हौसाआत्यांच्या वावरातलं ग्लॅम्पिंग

हिंजवडीत इतकी वर्षं नोकरी केली, पण मैत्रिणींना सांगावा असा किस्सा एकही घडला नाही. रिहे गावाला मात्र दर हिवाळ्यात चार दिवस जाते आणि वर्षभर पुरतील एवढे घेऊन येते. मारुंजीच्या फ्लॅटवर कुणी आलं की चहा ठेवायच्या आतच फर्माईश होते, "आत्यांचं सांग."

आत्या म्हणजे हौसाआत्या. भात निघालं की त्यांचं वावर रिकामं होतं आणि तिथे गाणं, चित्रं, ध्यान, श्वसन असा सगळा मिळून एक महोत्सव भरतो. पाहुणे तंबूत राहतात, पण तंबूत पलंग, उशा, आरसा आणि गरम पाणी. याला ग्लॅम्पिंग म्हणतात. आत्या म्हणतात, "घर सोडून तंबूत यायचं, आन् तंबूत घर मागायचं." तंबू मी बघते, स्वयंपाक आत्या आणि गावातल्या बायका बघतात, आणि आयोजक निखिल आम्हा सगळ्यांना बघतो.

*

पहिल्याच वर्षी गेटवरच्या गार्डने आत्यांना अडवलं. नवा होता, बिहारचा. मनगटावर बँड नाही तर आत सोडायचं नाही, एवढंच त्याला सांगितलेलं. निखिल धावत आला, माफी मागितली आणि कुठेही चालेल असा सोनेरी बँड आत्यांच्या हातात ठेवला.

"माझ्याच रानात शिरायला मला पट्टा?" आत्या म्हणाल्या. पण बँड घेतला.

दुपारी मुख्य स्टेजसमोर, योगाच्या चटयांच्या मधोमध आत्यांची म्हैस रवंथ करत बसलेली. निखिल गार्डवर भडकला. गार्डने शांतपणे म्हशीच्या गळ्यातल्या दाव्याकडे बोट दाखवलं.

"सर, गोल्ड पास है."

*

एका पाहुणीची तक्रार होती की पहाटे कोंबडा आरवतो आणि तिचं मौन मोडतं. महोत्सवापुरता कोंबडा दुसरीकडे ठेवता येईल का, असं निखिलने आत्यांना जपून विचारलं. आत्यांनी भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"त्यो हितं जल्मलाय. बाईला इचार, ती कुटं जल्मली. मंग ठरवू कुणी जायचं ते."

निखिलने पाहुणीला कानात घालायचे बोळे दिले. पुढच्या वर्षी जाहिरातीत छापलं होतं : पहाटेची नैसर्गिक जाग.

*

हा माझा. मी नोकरी सोडली तेव्हा आमचे मॅनेजर अख्ख्या टीमसमोर म्हणाले होते, जा, येशीलच परत. तेच सर एकदा बायकोला घेऊन माझ्याच एका तंबूत उतरले. मी उशीला अभ्रा घालत होते. त्यांना माझी फार दया आली. "चांगली मुलगी होती," असं त्यांनी बायकोला सांगितलं, मी समोर उभी असताना. मग मला म्हणाले की एक जागा निघालीय, शब्द टाकतो.

मी अभ्रा नीट केला आणि विचारलं, सर, तुम्ही इथे कशासाठी आलात? ते म्हणाले, शांततेसाठी, तिकडे झोपच लागत नाही.

"आणि मला तिकडे बोलावताय?"

त्यांची बायको पलंगावर बसून हसत सुटली. पुढच्या वर्षी ती एकटीच आली.

*

एक ताई मनात कोंडलेला राग ओरडून बाहेर काढायला शिकवायच्या. त्यांचा सगळा वर्ग बांधावर उभा राहून डोंगराकडे तोंड करून किंचाळला, तर गावातनं लोक काठ्या घेऊन पळत आले. त्यांना वाटलं, बिबट्या. गैरसमज मिटल्यावर ताईंनी आत्यांनाही बोलावलं. इतक्या वर्षांचं साठलं असेल, मोकळ्या व्हा म्हणाल्या.

"साठत न्हाई," आत्या म्हणाल्या. "ज्याचा राग येतो, त्याच्या तोंडावरच वरडतो आमी."

*

आणि हा गेल्या हिवाळ्यातला.

आत्यांचे यजमान गेले, मूलबाळ नाही. जमीन त्यांच्या आणि दिराच्या सामाईक नावावर. दीर पुण्यात राहतो. त्याने आत्यांना न विचारता फार्महाउससाठी गिऱ्हाईक गाठलं, आणि वहिनी सही करेलच असं सांगूनही टाकलं. महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी दोन माणसं आली आणि वावराच्या मोकळ्या अर्ध्या भागात पांढरी फक्की मारून प्लॉट आखून गेली. संध्याकाळी दीर गिऱ्हाइकाला जागा दाखवायला आणणार होता.

आत्या बांधावर उभ्या राहून त्या रेघा बघत होत्या. मला वाटलं, आता रडतील. मी जवळ गेले, तर त्यांनी विचारलं, नाचाचा वर्ग कुठं चाललाय? म्हटलं, स्टेजमागे, आणि जागा पुरत नाही म्हणून सगळे कुरकुरतायत.

आत्या तडक तिकडे गेल्या. नाच शिकवणाऱ्या मुलीचा हात धरून म्हणाल्या की पलीकडं मोकळं रान हाय, चला. अख्खा वर्ग अनवाणी त्यांच्यामागे निघाला. ढोल सुरू झाले. आत्यांनी पदर खोचला आणि मधे शिरल्या. मागोमाग स्वयंपाकातल्या बायका, मग मी, मग हेडसेट काढून निखिल. दीर आणि गिऱ्हाईक गाडीतून उतरले तेव्हा रेघ एकही राहिली नव्हती आणि आम्हा सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत पांढरे झाले होते.

एक पाहुणा धापा टाकत आत्यांना विचारत होता, या नाचाला तुमच्याकडे काय म्हणतात?

आत्यांनी दिराकडे बघितलं.

"मोजणी."