मकसूदभाईंनी ओळखलेली धाव

मकसूदभाई आमच्या ग्रुपात आले ते मुलीच्या नावानं.

आमचा ग्रुप म्हणजे ‘हजार नद्या’ या कॉम्प्युटर गेमचं वेड लागलेली चौदा-पंधरा माणसं. लातूर, नांदेड, उदगीरची, एक जण सोलापूरचा. या गेममध्ये नदीकाठी वस्ती वसवायची, पाट काढायचे, धान्य साठवायचं, शेजारच्या राज्याशी जमवून घ्यायचं नाहीतर लढायचं. दीड-दोन वर्षांनी कंपनी त्यात एक नवा प्रदेश घालते. नवी पिकं, नवी माणसं, नव्या लढाया. सगळं जग त्याला एक्स्पान्शन म्हणतं, आम्ही ‘नवा मुलुख’ म्हणतो. खरं सांगायचं तर आमचा खेळण्यात जेवढा वेळ जातो, त्याहून जास्त पुढचा मुलुख कोणता येणार हे ओळखण्यात जातो. मी निलंग्याला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते आणि उरलेल्या वेळात हा ग्रुप सांभाळते.

कंधारची मनतशा आमच्यातली चांगली खेळाडू. लातूरला फार्मसी शिकते. फेब्रुवारीत एका सकाळी तिच्या नावानं मेसेज आला : “मी मनतशाचा बाप. पोरगी परीक्षेपायी लॅपटॉप घरी ठेवून गेली. मी पडून हाय. ती बोलली, अब्बा तुम्ही खेळा. माझ्या गव्हाला पाणी पोचून न्हाई राहिलं. काय करू?”

उदगीरच्या बसलिंगप्पानं लगेच उत्तर टाकलं, “काका, पाटाला उतार दिला का?”

दहा मिनिटांनी मकसूदभाईंचा मेसेज : “आरं हाव की! तीस वर्षं लोकांच्या शेतात पाणी चढवलं आन् इथं उतार इसरलो.”

मकसूदभाईंचं कंधारला मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळालेली पाण्याची मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार मोजून भरायची, वार्निश द्यायचं, परत बसवायची. त्यांच्या वडिलांनी डिझेलची इंजिनं दुरुस्त केली, यांनी मोटारी. आसपासच्या गावांत असा शेतकरी नसेल, ज्याच्या विहिरीत त्यांनी वाकून पाहिलं नाही. मोटार चालू केली की नुसत्या आवाजावरून ते सांगत, “बेअरिंग चाललंय, अजून महिनाभर काढंल.”

डिसेंबरात एका बोअरमधून मोटार वर काढताना पाइप निसटला आणि त्यांच्या मांडीवर आला. हाड दोन जागी मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं, आत सळई घातली. तीन महिन्यांत चालाल, असं सांगितलं होतं. पण हाड जुळायचं नावच घेईना. पहाटेपासून स्कूटरवर फिरणारा माणूस खिडकीजवळच्या पलंगावर पडला. बायको हुस्नाआपा सगळं करत. पण पुढं त्यांनीच मला सांगितलं, की त्या दोन महिन्यांत हा माणूस बोलायचाच बंद झाला होता. भिंतीकडं तोंड करून पडायचा. म्हणूनच मनतशा लॅपटॉप ठेवून गेली होती. परीक्षेचं तिनं नुसतं निमित्त केलं होतं.

मार्चमध्ये आम्ही त्यांचं नाव ग्रुपात वेगळं घातलं. तोवर त्यांनी दोन राज्यं वसवली होती, एक बुडवलं होतं.

एप्रिलमध्ये कंपनीनं आठ सेकंदांचा एक व्हिडिओ टाकला. शब्द एकही नाही. एक दगडी विहीर, तिच्या काठापासून दूर जाणारा मातीचा उतरता रस्ता, त्यावरून वर चढणारे दोन बैल, ताणलेला दोर आणि चाकाचा कुरकुर आवाज. बस. खाली फक्त ‘लवकरच’.

जगभरच्या खेळाडूंमध्ये गदारोळ उठला. मोठ्या इंग्रजी फोरमवर कुणी म्हणे हा किल्ल्यावर तोफा चढवायचा उतार. कुणी म्हणे नावा पाण्यात सोडायची जागा. एकानं तर सावलीची लांबी मोजून हा देश विषुववृत्तापासून किती दूर असेल याचं गणित मांडलं. आमचा बसलिंगप्पा हा मुलुख रोमच म्हणून अडून बसला. चार दिवस हेच चाललं. मग मकसूदभाईंचा मेसेज आला.

“ही मोटेची धाव हाय.”

कुणालाच कळलं नाही. मी फोन केला.

“सिंधुताई, पूर्वी चामड्याच्या मोटेनं पाणी काढायचे. बैल ज्या उतारावरून चालायचे ती धाव. आता मोट न्हाई. पण धावा अजून हायेत. मी त्याच्यावरच उभा राहून मोटारी खाली सोडल्यात. एक-दोन न्हाई, शेकड्यानं पाहिल्या मी.”

“म्हणजे नवा मुलुख आपला? दख्खन?”

“मला तसंच वाटून राहिलं. पण त्या बैलात कायतरी चुकतंय. काय ते ध्यानात येईना. मी मोट चालताना कधी पाह्यली न्हाई. रामकिशनकाकांना इचारतो.”

रामकिशनकाका त्यांचे तीस वर्षांचे गिऱ्हाईक. कंधारपासून सात-आठ किलोमीटरवर शेती, वय अठ्ठ्याहत्तर. बाजारच्या दिवशी आले की मकसूदभाईंच्या पलंगाशी पाच मिनिटं बसायचे, “दुखतंय का?” विचारायचे आणि जायचे. त्या दिवशी ते दोन तास बसले. मकसूदभाईंनी व्हिडिओ कॉल लावून मलाही त्यात घेतलं.

“काका, हे बघा. काय चुकलंय?”

आठ सेकंद गेले. काका म्हणाले, “परत लाव.” परत लावलं. पुन्हा म्हणाले, “परत.” चौथ्यांदा पाहून ते हसायलाच लागले.

“आरं, कुणी केलं हे? बैल चढावर ओढायलाय! असं कुठं असतंय का? भरल्या मोटंचं वजन, वर चढाव. मरून जाईल की जनावर. बैल उताराला ओढतो. त्याचं अंग, त्याचं वजन सगळं खाली जातंय, आन् मोट वर येती. मग मोट थारोळ्यात, म्हंजी काठावरच्या हौदात रिकामी झाली, का बैल तसाच मागं मागं सरत वर येतो. तोंड नाही फिरवायचं.”

“मागं सरत? शिकवावं लागत असंल?”

“तर! माझ्या बापाचा पवळ्या बैल नुसती शीळ घातली की मागं सरायचा. मी नाड्यावर बसायचो. नाडा म्हंजी जाड दोर. बैल खाली निघाले की त्याच्यावर टेकायचं, तेवढंच आपलं वजन कामाला येतंय. बारा-तेरा वर्षांचा असंन मी.” मग ते म्हणाले, “मकसूद, पन्नास वर्षांत मला हे कुणी इचारलं न्हाई बग. घरची लेकरंबी न्हाई.”

हुस्नाआपांनी तिसऱ्यांदा चहा केला. काका हातानं चाक दाखवत होते, मोटेची पाणी ओतणारी सोंड दाखवत होते, तिला बांधलेला बारीक दोर कधी सैल सोडायचा ते सांगत होते. मकसूदभाईंनी हुस्नाआपांकडून उशी पाठीला लावून घेतली आणि वहीवर त्याचं चित्र काढलं. ते अपघातानंतर एवढा वेळ बसले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मी ते सगळं इंग्रजीत लिहिलं, चित्राचा फोटो जोडला आणि मनतशाला विचारून तिच्या खात्यावरून फोरमवर टाकलं, कारण शोध त्या घरातला होता आणि मकसूदभाईंचं तिथं खातंच नव्हतं. पहिला दिवस चेष्टेचाच होता. एकानं विचारलं, उलटा चालणारा बैल कुणी पाहिलाय का? दुसऱ्यानं लिहिलं, हे लोक स्वतःचं गाव गेममध्ये यावं म्हणून काहीही सांगतील. मी चिडून ते मकसूदभाईंना वाचून दाखवलं.

“चिडू नका, ताई,” ते म्हणाले. “गिऱ्हाईकबी पहिल्यांदा असंच बोलतंय, मोटार जळलीच न्हाई म्हणून. उघडून दाखवली की गप बसतंय.”

आणि झालंही तसंच. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका देशातल्या म्हाताऱ्या बाईनं लिहिलं, की तिच्या आजोळी, वाळवंटाच्या कडेला अशाच उताराच्या विहिरी होत्या आणि जनावरं उतारालाच ओढायची. मग चर्चा रंगली. पण आमच्या ग्रुपाला वाळवंट ऐकायचंच नव्हतं. आम्ही दख्खन नक्की धरलं. बसलिंगप्पानं रोम सोडलं आणि किल्ल्यांची यादी करायला बसला. काळ्या मातीत कापूस येणार का, ज्वारी येणार का, कंधारच्या किल्ल्याचा खंदक दाखवतील का. जूनभर, जुलैभर हेच. रोज सकाळी कुणीतरी विचारणारच : “मकसूदभाई, तुम्हाला काय वाटतं?” आणि ते रोज उत्तर देणार. खंदकात पाणी कुठून आणलं असेल इथपासून सैन्याला पुरेल एवढी ज्वारी पिकवायला किती विहिरी लागतील इथपर्यंत. त्याच काळात त्यांचं हाड जुळायला लागलं. जुलैच्या शेवटी ते वॉकर धरून दारापर्यंत आले. मनतशानं तो फोटो ग्रुपात टाकला, तेव्हा आम्ही चौदाच्या चौदा जण एकदम मेसेज करत होतो.

ऑगस्टमध्ये कंपनीनं नवा मुलुख जाहीर केला. तो दख्खन नव्हता. वाळवंट होतं, खजुराची बनं, मिठाचे तांडे, दूरचा देश. बसलिंगप्पानं फक्त एक रडका चेहरा टाकला. मला वाईट वाटलं ते मकसूदभाईंसाठी. मी घाबरतच फोन केला.

ते मोठ्यानं हसत होते. “मुलुख चुकला, ताई, पण विहीर बरोबर! आन् बैल पाह्यले का? बैल पाहा आधी!”

मी घोषणेसोबतचा व्हिडिओ पुन्हा लावला. बैल उतारावर ओढत खाली चालले होते. मग थांबले आणि तोंड न फिरवता मागं मागं सरत वर आले. कंपनीनं खाली बदलांची लांबलचक यादी दिली होती. त्यात एक ओळ अशी : ‘विहिरीवरच्या जनावरांची चाल दुरुस्त केली. चूक दाखवून दिल्याबद्दल मनतशा यांचे आभार.’

लातुरात मनतशा कपाळाला हात लावून बसली. “मी काहीच केलं नाही! माझी तर परीक्षा चालू होती!” तिनं कंपनीला पत्र लिहून खरी नावं कळवली. उत्तर आलं नाही. मकसूदभाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी रामकिशनकाकांना बोलावून बैल दाखवले. काका बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, “आता बराबर.”

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही सहा जण कंधारला गेलो. त्याआधी आम्ही एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलंच नव्हतं. मकसूदभाई काठी टेकत दारात आले. दुकान पंधरा दिवसांपूर्वी उघडलं होतं. विहिरीवरची कामं सोडली होती, बसून तार भरायचं काम तेवढं करायचे. हुस्नाआपांनी बिर्याणी केली होती, आणि बसलिंगप्पासाठी वेगळी डाळ-भाकरी. रामकिशनकाका धुतलेलं धोतर नेसून आले होते.

जेवणं झाल्यावर मी म्हटलं, “मकसूदभाई, तुमच्यामुळं आम्हाला केवढं कळलं. आभार मानायलाच आलो आम्ही.”

“उलटं बोलून राहिल्या तुम्ही.” ते काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. “मी पडलो तवा घरात माणसं कमी न्हाई आली. सगे आले, गिऱ्हाईकं आली, मस्जिदीतले आले. समद्यांनी जीव लावला, खुदा त्यांचं भलं करो. पण जो आला त्यानं इचारलं, दुखतंय का? मी म्हणायचो, दुखतंय. मग तो बी गप, मी बी गप. तुम्ही एकटेच असे भेटले, का रोज इचारायचे, तुम्हाला काय वाटतं? माझी तंगडी मोडली हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊकबी नव्हतं. पडल्या माणसाला काही वाटतंय, त्याच्या डोक्यात काही हाय, हे तुम्ही धरून चालले. ताई, हाड डॉक्टरांनी जोडलं. पण सकाळी उठून आज काय सांगायचं, हे तुम्ही दिलं मला.”

रामकिशनकाकांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. हुस्नाआपा आतून डबे घेऊन आल्या. प्रत्येकाच्या हातात एकेक दिला आणि मला म्हणाल्या, “निलंग्याची एसटी साडेचारला हाय. अजून अर्धा घंटा हाय. बसा.”

आम्ही बसलो.