छोट्या स्पीकरात न मावणारा डग्गा

संगणकाचे छोटे स्पीकर बनवणाऱ्याला मला एकदा समोर बसवून विचारायचं आहे, की बाबा रे, खोक्यावर एवढे वॅट छापताना तुला काहीच कसं वाटत नाही? मुठीएवढा प्लॅस्टिकचा डबा, आत चहाच्या कपाएवढा कागदी पडदा आणि वर ठसठशीत अक्षरांत 'दमदार बास'. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. शाळेत मी विज्ञान शिकवते, ध्वनीचा धडा दरवर्षी घेते, पण घरातला स्पीकर चांगला की वाईट याचा विचार मी जन्मात केला नव्हता. बाबांचे कान गेले म्हणून तो करावा लागला.

बाबा उंद्रीचे. आयुष्यभर शेती केली आणि दर गुरुवारी देवळातल्या भजनात तबला वाजवला. आई गेल्यावर ते एकटेच राहत होते, आणि त्यांचं ऐकणं उतरत चाललं होतं. एकदा मागून येणाऱ्या ट्रॅक्टरचा हॉर्न त्यांना ऐकूच आला नाही. शेजाऱ्यानं दंड धरून ओढलं म्हणून वाचले. तेव्हा मी त्यांना लोणारला माझ्या घरी आणलं.

आले, पण पाहुण्यासारखे राहिले. लेकीच्या घरचं खाऊ नये, हे त्यांच्या पिढीच्या हाडात मुरलेलं. माझे आजोबा तर आत्याच्या गावी गेले की पाणीसुद्धा सोबत न्यायचे. बाबांनी इतकं ताणलं नाही, पण त्याची भरपाई म्हणून ते माझ्या घरात कशालाच नाही म्हणेनात. भाजी खारट झाली तरी मस्त, चहा गार झाला तरी मस्त. नवरा म्हणायचा, असा सासरा मिळायला नशीब लागतं. मला मात्र चीड यायची. उंद्रीला हाच माणूस फोडणी जरा करपली तर ताट बाजूला सारायचा.

जालन्याच्या डॉक्टरांनी कान तपासले. बारीक, उंच आवाज गेले आहेत, म्हणाले. खालचे, जाड आवाज थोडेफार उरलेत, पण तेही जातील. कानात घालायचं यंत्र दिलं. बाबा ते माझ्यासमोर घालायचे आणि मी शाळेत गेले की काढून उशीखाली ठेवायचे.

उंद्रीच्या भजनी मंडळाची एक जुनी कॅसेट होती, बाबा तबल्यावर असलेली. ती मी संगणकावर उतरवून आणली आणि एका संध्याकाळी त्यांना समोर बसवून संगणकाच्या छोट्या स्पीकरांवर लावली. भजन निम्मं झालं तरी ते वाट पाहणाऱ्या माणसासारखे बसलेले. मग म्हणाले, "सुरू झालं काय?" मी मान हलवली. ते म्हणाले, "मले माहा डग्गा एक डाव ऐकू आला पाह्यजे होता."

माझ्या घरी आल्यापासून त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. ती मिळवून द्यायचीच असं मी ठरवलं.

त्या दिवसापासून मी स्पीकरांच्या मागे लागले. रोज इंटरनेटवर वाचायचे. जाड आवाज काढायचा तर पडद्याला पुष्कळ हवा ढकलावी लागते, आणि एवढ्याशा पडद्याला ते झेपत नाही. मग डग्ग्याचा घुमारा गाळला जातो, उरते ती नुसती बोटांची टकटक. आपल्यासारख्यांना त्या टकटकीवरून डग्गा वाजल्याचा भास होतो, बाकीचं मन भरून काढतं. बाबांच्या कानात नेमकी टकटकच पोचत नव्हती. म्हणजे स्पीकर जे देत होते ते बाबांना ऐकू येत नव्हतं, आणि बाबांना जे ऐकू येऊ शकत होतं ते स्पीकर देत नव्हते. हे कळलं तेव्हा मला आनंद झाला. खोट डब्यात आहे, बाबांत नाही, असं मी नवऱ्याला दोनदा सांगितलं.

आधी बासचं बटण पूर्ण फिरवलं, तर स्पीकर फरफरायला लागले. भिंतीच्या कोपऱ्यात ठेवले, तेव्हा जरा भरदार वाटले. शेवटी एक मोठा जुना स्पीकर मिळवला आणि सुताराकडून त्याला प्लायवूडचं खोकं करून घेतलं. खोक्यात आतून काहीतरी मऊ भरावं म्हणजे आवाज गुंजत नाही, असं वाचलं होतं. आता आमच्या जिल्ह्यात मऊ काय भरायचं हा प्रश्न कुणाला पडतो? दिराच्या शेतातला कापूस मागच्या खोलीत पडलेला होता. तो मी ठासून भरला, सरकीसकट. डग्गा वाजला की सरक्या पडद्याला लागून तडतडायच्या. आणि सरकीच्या वासानं उंदीर आत शिरले ते पडदाच कुरतडून गेले. विज्ञानाच्या बाईंनी उंदरांची सोय केली, असं नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला.

मी हट्टाला पेटले होते. नवा पडदा बसवून आणला, गादीवाल्याकडून पिंजलेला कापूस आणला, खोकं पुन्हा भरलं. या वेळी भजन लावलं तेव्हा डग्गा खोलीभर घुमला. फळीवरच्या ताटल्या हलल्या. मी बाबांसमोर खुर्चीवर बसले होते, माझी मान आपोआप डोलत होती. आणि बाबांचा डावा हात मांडीवर पडायला लागला. ठेका बरोबर. सम बरोबर. मी विचारलं तर म्हणाले, "हाव, मस्त."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग तो आमचा नेमच झाला. शाळेतून आलं की भजन लावायचं, समोर बसायचं, बाबांनी ठेका धरायचा. शाळेत मी सगळ्यांना सांगितलं. यंत्रानं झालं नाही ते खोक्यानं झालं, म्हटलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, येऊन बघा.

एका संध्याकाळी भजन ऐन रंगात असताना दूधवाला आला. मी उठून दाराशी गेले. दूध घेता घेता मागे वळून पाहिलं, तर डग्गा घुमत होता, ताटल्या थरथरत होत्या आणि बाबांचे हात मांडीवर स्वस्थ पडले होते. ते दाराकडे, माझ्याकडे पाहत होते. थकले असतील म्हणून मी येऊन बसले, मान डोलावली. हात सुरू झाला. मान थांबवली. हात थांबला.

तरी मी आणखी एकदा पाहिलं. मुद्दाम ठेका सोडून, भलतीकडेच मान हलवत गेले. ज्या माणसाची सम जन्मात चुकली नाही, तो माझ्या मानेबरोबर चुकत चालला.

मी त्यांचे हात धरले आणि तोंडासमोर तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "बाबा, तुम्हाले खरंच ऐकू येऊन राह्यलं काय?"

"हाव, मस्त," ते सवयीनं म्हणाले. मी हात सोडले नाहीत. तेव्हा त्यांनी नजर खाली केली. "नाई बाई. पयल्या दिवसापासून नाई. तू एवढं करून राह्यली, लेकीच्या घरी बसून नाई कसं म्हनू?"

मला त्यांचा राग आला, माझा आला, आणि मग कशाचाच येईना. एवढं वाचलं, एवढं ठोकलं, एवढं भरलं, आणि ते आवाज केव्हाच निघून गेले होते. आता करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं, हे मला लख्ख कळलं. मी उठून संगणक बंद केला.

बाबांनी खोक्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "तू तं रोज आयकते. सांग मंग, कसा वाजवला म्या डग्गा?"

इतके दिवस मी पडदा फाटतोय का, खोकं गुंजतंय का, एवढंच ऐकत आले होते. बाबांचं वाजवणं मी एकदाही ऐकलं नव्हतं. मी भजन पुन्हा लावलं आणि जिवाचा कान करून शेवटपर्यंत ऐकलं. हात चांगला पडलाय की साधारण, मला काही कळेना. ज्यांना कळलं असतं, ते माझ्या तोंडाकडे पाहत बसले होते.