पक्ष्याने सोललेली सुपारी

बाबांची सुपारी माझ्यामुळे गेली, हे आधीच सांगून टाकते.

बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच न्यूझीलंडला येणार होती. मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट, अप्पर हट नावाच्या गावात नुकतंच घर घेतलेलं, आणि आई आली की सत्यनारायण घालायचा असं ठरलेलं. ती निघायच्या आदल्या आठवड्यात मी फोनवर तिला नुसतं फैलावर घेतलं. लोणचं नको, बिया नकोत, इथे रुजेल असं काहीच आणू देत नाहीत, सापडलीस तर दंड! माझा आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, आता अटकच होणार. व्हायचं तेच झालं. विमानतळावर नको त्या वस्तू टाकायचा डबा दिसला, आणि कोणी काही विचारायच्या आत माझ्या आईने कनवटीची सुपारी काढून त्यात टाकली.

ती साधी सुपारी नव्हती हो. तिच्या लग्नात गणपती म्हणून पुजलेली आणि तेव्हापासून देव्हाऱ्यात असलेली. बाबा अगदी शेवटपर्यंत रोज तिला अंघोळ घालायचे. त्यांचा हात लागून लागून ती काळी, गुळगुळीत झाली होती.

गाडीत बसल्यावर आई एवढंच म्हणाली, "पस्तीस वर्षं वाळलेली सुपारी. ती काय रुजणार होती इथे?"

मग आठवडाभर "हो", "नको", "ठेव तिथे" यापलीकडे शब्द नाही. पूजेचा विषय काढला की "बघू". मी इंडियन दुकानातून सुपारी आणली, तर ती निघाली कातरलेली. "गणपतीचे तुकडे मांडू का?" आईने विचारलं. परतीचं तिकीट अलीकडे घेता येईल का, हेही तिने एकदा हळूच विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात एक दिवस कामावरून आले, तर आई मागच्या अंगणात कुंपणाशी ओणवी.

"अगं, तुझ्या शेजारणीने पोफळ लावलीय, आणि तू मला सांगितलं नाहीस?"

आईचं माहेर श्रीवर्धनचं, सुपारीच्या बागांतलं. शेजारच्या आजींच्या त्या झाडाकडे मी कधी धड पाहिलंही नव्हतं. ते निकाऊ, इथल्या जंगलातलं, पोफळीच्याच कुळातलं. सरळ खोड, वर पानांचा झुपका आणि त्याखाली लाल फळांचे घोस. आईच्या तळहातावर मात्र फळं नव्हती, बिया होत्या. वाटाण्याहून जराशा मोठ्या, टणक, गराचा कणही नसलेल्या.

"पण सोलल्या कोणी?" आई म्हणाली. "आमच्याकडे वाघळं साल चोखतात आणि सुपारी खाली टाकतात. लहानपणी आम्ही सकाळी वेचायला जायचो. बाजारात चालायची ती, देवाला नाही. उष्टी ना!"

तेवढ्यात डोक्यावर असा फडफडाट झाला की मी खालीच बसले. एक भलं मोठं कबूतर येऊन घोसावर बसलं. हिरवं-जांभळं अंग आणि छातीवर पांढरंशुभ्र बनियन. हा केरेरू. त्याने एक फळ अख्खं गिळलं, मग दुसरं, मग तिसरं. चावणं नाही की टोचणं नाही. घोस झुलत होता आणि हा गडी उलटा होऊन पुढच्या फळाला मान लांबवत होता. पोट भरल्यावर तिथेच फुगून बसून राहिला. मी त्या घरात तीन महिने राहत होते आणि एवढा देखणा पाहुणा रोज येतो याचा मला पत्ता नव्हता!

शेजारच्या आजी "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत कुंपणाशी आल्या. त्यांनी सांगितलं की हा गर पचवतो आणि बी लांब कुठेतरी टाकतो. जंगलातली खूप मोठी फळं तर आता हाच काय तो गिळू शकतो. मी आईला मराठीत सांगत गेले आणि अर्ध्यावरच माझी ट्यूब पेटली.

"आई, टाक ते! त्याने शिटलेल्या बिया आहेत त्या! हात धू आधी!"

आईने आधी बियांकडे पाहिलं, मग त्या पक्ष्याकडे. "वाघूळ चोखून टाकतं, ते उष्टं," ती शांतपणे म्हणाली. "ह्याने दातसुद्धा लावला नाही. नुसती सोलून दिली. केवढी माया!"

पक्ष्याला दात नसतात, हे बोलायची माझी छाती झाली नाही. दहा दिवसांनी आई सलग चार वाक्यं बोलली होती.

रविवारी पूजा झाली. तांदळाच्या राशीवर, विड्याच्या पानावर ती एवढीशी बी गणपती होऊन बसली. मी ती आधी चोरून साबणाने दोनदा धुतली होती. आई मन लावून पूजा सांगत होती, मधेच खिडकीतून निकाऊकडे बघत होती. तिकिटाची गोष्ट तिने परत काढली नाही. तीन महिने राहिली, आणि रोज दुपारी कुंपणाशी खुर्ची टाकून त्या कबुतराची वाट बघायची.

निघायच्या दिवशी देव्हाऱ्यात पाहिलं तर बी नाही. आईने ती मागच्या पायरीजवळ कुंडीत पुरली होती.

"अगं, तुझा गणपती ना तो?"

"त्या पाखराने एवढे कष्ट केले, ते काय देव्हाऱ्यात बसवायला?" म्हणाली आणि बॅगेची चेन लावू लागली. सुपारीबद्दल आम्ही दोघी तेव्हाही काही बोललो नाही.

कुंडीत महिनोन् महिने काही नाही. मी पाणी घालत राहिले. आठव्या महिन्यात एका सकाळी बाहेर आले, तर गवताच्या पात्यासारखं एक हिरवं टोक वर आलेलं. तशीच आत पळाले आणि फोनकार्डाचे ते लांबलचक आकडे दाबले. आईकडे पुण्यात अजून उजाडलंही नव्हतं.

"आई, आलं गं! पान आलं!"

मग आई म्हणाली, "तुझ्या बाबांची सुपारी वाळलेली होती गं. ती काही रुजली नसती. गेली ते बरं झालं."

विमानतळावरच्या त्या दिवसापासून मी हेच ऐकायची वाट पाहत होते. फोन ठेवला, मागच्या पायरीवर त्या कुंडीशेजारी बसले आणि ढसाढसा रडले.