डायनोथेरियमचे डोळे

सोसायटीच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला होता. बनशंकरीतल्या एका मूर्तिकाराच्या आवारात उभं असलेलं डायनोथेरियम. हत्तीचा हा लाखो वर्षांपूर्वीचा नातलग; सुळे खालच्या जबड्यातून निघून जमिनीकडे वळलेले. फोटो बघून बाबा कित्येक महिन्यांनी खुर्चीत पुढे सरकले.

"याला अजून डोळे नाहीत," ते म्हणाले. मी लगेच शनिवार ठरवून टाकला.

बाबांनी आयुष्यभर पेणच्या कारखान्यात गणपतींचे डोळे रंगवले. त्याला तिथे आखणी म्हणतात आणि ती कसलेल्या हातालाच मिळते. आई गेल्यावर मी त्यांना इथे कानडी मुलखात माझ्याकडे, सर्जापूर रोडला अकराव्या मजल्यावर आणलं. तेव्हापासून ब्रश पेटीत आणि बाबा खिडकीत. त्यांनी पुन्हा ब्रश धरला तर ते इथे राहतील, नाहीतर पेणला एकटे परत जातील, हे मला दिसत होतं. म्हणून मूर्तिकारांना फोन करून डोळे बाबांसाठी ठेवायला सांगितले.

आमच्या बाजूने जाणार असाल तर थेट कॅब करू नका. सिल्क बोर्डपर्यंत कॅब, तिथून पिवळी मेट्रो, आरव्ही रोडला गाडी बदलून पुढचंच स्टेशन बनशंकरी. बदलताना चालणं बरंच आहे, गुडघे दुखत असतील तर लिफ्ट शोधा. सिल्क बोर्ड गाठेपर्यंतच माझा जीव मेटाकुटीला आला. आठवडाभर ऑफिसात पिचल्यावर शनिवारीही तोच रस्ता. उतरल्यावर ताटलीएवढी चपटी तट्टे इडली आणि उभ्याउभ्या कॉफी घेतली, तेव्हा जरा बरं वाटलं.

मूर्तिकार साठीचे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घराणं कैक पिढ्या इथलंच, मराठी कानडीत मुरलेलं.

"या, बसा. स्वल्प कॉफी घ्या," ते म्हणाले.

"आत्ताच झाली," मी म्हटलं. "सुळे असे खाली कशाला हो, अण्णा?"

"कोण बघितलंय? झाडाची साल सोलायला म्हणतात. मी पुस्तक बघून केलं."

जनावर फायबरचं, एका शाळेच्या अंगणासाठी. हत्ती म्हणावा तर हत्ती नाही, आणि नाही म्हणायचीही सोय नाही. बाबा त्याच्याभोवती दोनदा फिरले. मग स्टुलावर चढून त्यांनी ब्रश घेतला. मी खाली स्टूल धरून उभी. एका दमात रेघ गेली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दोन्ही डोळे झाल्यावर मी समोर गेले. डोळे लांबट, अर्धवट मिटलेले, कडा कानशिलाकडे ओढलेल्या, बुबुळं समोर उभ्या असलेल्या माणसावर रोखलेली. साक्षात गणपती. जंगलात कान टवकारून बाजूला बघणारं जनावर नव्हतंच ते. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी अण्णांकडे.

"सरी, ठीक आहे, बरं झालं," अण्णा हळूच म्हणाले.

"छान झालेत, बाबा," मी म्हटलं.

परतताना मेट्रोत बसायला जागा मिळाली. बाबा डोळे मिटून बसले. मला वाटलं दमले असतील. मी तर पार थकले होते.

घरी आल्यावर मी वरणभाताचा कुकर लावला. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"पेणला गणपतीच्या उंदराला असा डोळा काढला असता तर मालकाने ब्रश हिसकावून घेतला असता," ते म्हणाले. "आज तुम्ही दोघं छान म्हणालात. म्हणजे मला चूक दाखवण्यातही आता अर्थ उरला नाही."

मला फार लाज वाटली. दिवसभर मी त्यांना जपत होते आणि तेच त्यांना लागलं होतं. मी गॅस बारीक केला.

"डोळे चुकलेत, बाबा. ते गणपतीचे झालेत. तो प्राणी आपल्याकडे बघत नाही, त्याला आपण माहीतच नाही."

बाबांनी ओट्यावरचा माझा फोन उचलून माझ्या हातात दिला.

"हं," ते म्हणाले. "अण्णांना फोन लाव. म्हणावं, पुसू नका. मीच येऊन पुसतो."